गव्हाले का इंजनाले?

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत एरंडेलाने माखलेले होते. अंगणात ताडपत्रीवर वर्षाचे गहू पसरले होते. थोडे घमेल्यात घ्यायचे, वर तेल ओतायचं आणि दाणा न् दाणा चकाकेपर्यंत चोळायचं, म्हणजे पावसाळ्यात किडा लागत नाही... ते काम चालू होतं. सून उज्ज्वलाने फोन माझ्या कानाला लावून धरला. वर्ध्याच्या दवाखान्यातून माझा मुलगा बोलत होता. "आई, काका गेले," एवढंच म्हणाला. मी हात तसेच हवेत धरून उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं, पण पुसणार कशाने? उज्ज्वलाने आपल्या ओढणीने पुसलं. उरलेले गहू तेल न लावताच पोत्यात गेले.

दिवाकर भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आर्वीच्या शाळेत त्यांनी नोकरीभर चित्रकला शिकवली. लग्न केलं नाही. कोणी विषय काढला की म्हणायचे, "एरंडेलाच्या वासात कोणती बाई राहीन बाप्पा?" आमच्याच घराच्या मागच्या खोलीत त्यांचा सगळा संसार होता. ब्रश, रंग, हलक्या लाकडाच्या पट्ट्या, आणि मुठीत मावेल एवढं एक इंजिन. हे इंजिन खेळण्यातल्या विमानाचं. 'खेळण्यातलं' म्हटलेलं त्यांना मुळीच चालायचं नाही. मी मात्र आजही तसंच म्हणते, म्हणजे जिथे असतील तिथे जरा चिडतील.

लग्न होऊन मी या घरात आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी गव्हासाठी आणलेलं एरंडेल डब्यात निम्मंच उरलं होतं. सासूबाईंचा संशय आधी मांजरावर गेला, मग नव्या सुनेवर. कुणाला कळू न देता माझ्या केसांकडे दोनदा बघितलं त्यांनी. शेवटी मागच्या खोलीतून गांधीलमाशी चवताळल्यासारखा आवाज आला, पाठोपाठ पांढरट धूर आला आणि त्या धुराला घरच्या एरंडेलाचा वास होता. सासूबाई दारात जाऊन म्हणाल्या, "काऊन रे दिवाकर, तुह्या इंजनालेई पोट साफ कराचं औषध लागते काय?" भाऊजी लाजले. नव्या वहिनीसमोर चोरी पकडली गेली म्हणून जास्तच लाजले.

हे विमान उडवायला दोन माणसं लागत. विमानाला दोन बारीक तारा बांधलेल्या, तारांचं दुसरं टोक भाऊजींच्या हातातल्या मुठीला. विमान त्यांच्याभोवती गोल फिरायचं आणि तेही त्याच्याबरोबर जागच्या जागी फिरायचे. पण इंजिन सुरू झाल्यावर विमान पकडून ठेवायला आणि इशारा होताच सोडायला कोणीतरी हवं. आधी हे काम माझ्या मिस्टरांकडे होतं. एकदा पांढऱ्या सदऱ्यावर तेलाचे शिंतोडे उडाले आणि त्यांनी कायमचा राजीनामा दिला. मग भाऊजी माझ्याकडे आले. "वहिनी, विमान सोडाले याल काय?" रोहणा गावाला आमचं शेत. कपाशीची पऱ्हाटी उपटून झाली की एक तुकडा मोकळा व्हायचा. बाजूच्या वाफ्यात बाया मेथी खुडत असायच्या, आणि मी डोक्यावरून पदर घेऊन त्या तुकड्यात उकिडवी बसून विमानाची शेपटी धरलेली असायची. बाया हसायच्या. मीही हसायची. पण हात सोडला की ते जमिनीवरून जे सुटायचं... माझ्या आयुष्यात तोवर मी सोडलेली कोणतीच गोष्ट वर गेली नव्हती.

त्या शेतातच मला त्यांनी तेलाचं शास्त्र समजावलं. आपल्या फवारणीच्या पंपाला पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालतात, तसंच याचं. या इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसते. जे जळायला घालायचं त्यातूनच तेल आत जाणार, आत सगळं ओलं ठेवणार आणि धुराबरोबर बाहेर पडणार. तेल कमी पडलं तर लोखंड लोखंडाला घासून इंजिन जाम. जास्त झालं तर गुदमरणार. फक्त यात पेट्रोल नाही, मिथेनॉल. ते भाऊजी नागपूरला परवान्याच्या दुकानातून आणत. एकदा एरंडेल संपलं म्हणून मिस्टरांनी मोठ्या मनाने पंपाचं तेल पुढे केलं. "तेल म्हंजे तेल. काय फरक पडते?" भाऊजींनी वाद घातला नाही. काचेच्या बाटलीत थोडं मिथेनॉल घेतलं, त्यात पंपाचं तेल टाकलं आणि खूप हलवलं. दूध झालं. मग बाटली बांधावर ठेवली आणि आम्हाला चहा प्यायला लावला. चहा संपेस्तोवर तेल खाली बसलं होतं, मधे स्वच्छ रेघ. "पाहा दादा, हलवत राह्यलं तोवर संसार. हे टाकीत टाकलं का आधी नुसतं तेल जाईन, मग नुसतं मिथेनॉल. इंजन मरते." दुसऱ्या बाटलीत एरंडेल टाकलं तर ते असं विरघळलं की रेघ शोधून सापडेना. पुढे बाजारात नवी कृत्रिम तेलं आली, स्वच्छ जळणारी. तीही त्यांनी वापरली, पण थोडं एरंडेल त्यात घातल्याशिवाय नाही. "इंजन लय तापलं का बाकीचे पळून जाते, वहिनी. एरंडेल राह्यते."

एवढ्या जपणाऱ्या माणसाच्या हातून एक चूक झाली. एका उन्हाळ्यात घाईत उरलेलं मिश्रण त्यांनी एरंडेलाच्या रिकाम्या डब्यात भरलं आणि डबा सवयीने फळीवर, जिथला तिथे ठेवला. दुसऱ्या दिवशी मी आणि सासूबाई गहू घेऊन बसलो. मी डबा उपडा केला, चोळायला लागले आणि हात गार पडले. एप्रिलच्या उन्हात, अंगणात, हात गार. एरंडेल कधी गार लागत नाही, ते जड असतं, चिकट असतं. मी ओंजळ नाकाशी नेली आणि मला रोहण्याचं शेत आठवलं. "आत्याबाई, थांबा," म्हणून मी सासूबाईंना ओरडून सांगितलं. विमान सोडायला गेले नसते तर मला तो वास कळला नसता, आणि मिथेनॉल म्हणजे काय हेही माहीत नसतं. डोळे जातात त्याने, जीव जातो.

आमचे हात धुऊन होईपर्यंत भाऊजी शाळेतून आले. काय झालं ते ऐकून खालीच बसले. त्या राशीतला एक दाणाही ठेवायचा नाही असं भाऊजींनीच ठरवलं. गुरांनीही तोंड लावू नये म्हणून बैलगाडीत घालून ते रोहण्याला घेऊन गेले, खोल खड्डा खणला आणि पुरले. आल्यावर इंजिन फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "कपाटात ठेवा वहिनी. आता हे नाई." त्या वर्षी आम्ही बाजारचे गहू खाल्ले. पण मागच्या खोलीतून आवाज येईनासा झाला ते मला फार जड गेलं. भाऊजी शाळेत जायचे, यायचे, जेवायचे. कोणी चेष्टा केली तर हसायचेही. पण माणूस बंद पडला होता.

पुन्हा गहू वाळवायचे दिवस आले तेव्हा मी ते फडकं उघडलं. इंजिनाचा पंखा हलेना. आतलं जुनं एरंडेल वाळून डिंकासारखं झालं होतं. मिस्टर म्हणाले, "जाम झालं, आण पान्हा." मी दिला नाही. भाऊजींनी कधीतरी सांगितलं होतं, एरंडेलाने धरलेलं इंजिन जोराने सोडवायचं नसतं, ऊब द्यायची. ऊब म्हणाल तर आमच्या जिल्ह्यात वैशाखात तिला तोटा नाही. मी वरून दोन थेंब ताजं तेल सोडलं आणि गव्हाशेजारी पोत्यावर ते उन्हात ठेवून दिलं. भाऊजी घरी आले, बघून थबकले. मग एक बोट पंख्याला लावलं. पंखा फिरला, अर्ध्यावर अडला आणि आतल्या हवेच्या दाबाने त्यांचं बोट मागे ढकललं. इंजिन जिवंत असल्याची खूण ती हीच.

"कोणं सोडवलं?" त्यांनी विचारलं.

"उन्हानं," मी म्हटलं. "आता तुमी तेल माह्याच हातून घ्याचं. फळीवर डबा नाई राह्यणार."

तेव्हापासून तसंच चाललं. मिथेनॉल आणि तयार मिश्रण शेतातल्या लोखंडी पेटीत, कुलपात. त्या मिश्रणात त्यांनी रंग घातला, निळा, दुरून दिसेल असा. एरंडेलाचा डबा माझ्या ताब्यात. भाऊजी स्टीलची वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. "वहिनी, तेल द्या." मी दरवेळी विचारायची, "गव्हाले का इंजनाले?" आणि ते दरवेळी, केस पांढरे झाल्यावरही, पोरासारखी मान खाली घालून सांगायचे, "इंजनाले." ती वाटी भरून देताना मला वाटायचं, या घरात मला कोणीतरी काहीतरी खरंच सोपवलं आहे.

माझे मिस्टर अचानक गेले तेव्हा मी अंथरूण धरलं होतं. लोक यायचे, समजूत घालायचे, जायचे. भाऊजींनी समजूत घातली नाही. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि एका सकाळी ते दारात वाटी घेऊन उभे राहिले. "वहिनी, तेल द्या." मला राग आला. असल्या दिवसांत याला इंजिन सुचतं... पण डबा माझ्याकडे होता, उठावं लागलं. ओतता ओतता तोंडातून सवयीने निघालं, "गव्हाले का इंजनाले?" आणि विचारता विचारताच मला रडू फुटलं. ते वाटी धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "इंजनाले. पण सोडाले माणूस नाई माह्यापाशी." मी तोंड धुतलं आणि त्यांच्या स्कूटरवर मागे बसून रोहण्याला गेले. त्यांचे उपकार मोजत बसले तर माझंच हसू करतील, म्हणून मोजत नाही. पण त्या दिवशी त्यांनी मला उठवलं, हे मला लिहून ठेवायचं आहे.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. बोलताना दम लागत होता. मला जवळ बोलावून विचारलं, "गव्हाले तेल लावलं काय?"

"नाई अजून. उद्यापासून."

"मंग ते इंजन उन्हात ठेवजा. लय दिवस झाले, धरलं असन."

मिस्टरांच्या वेळी भाऊजींनी केली तशी भाऊजींचीही तेरवी आम्ही केली. परवा पोती पुन्हा उघडली. ऊन आता फार दिवस राहणार नाही, आर्वीकडे दुपारी ढग जमायला लागलेत. मी गहू पसरले, शेजारी पोत्यावर इंजिन ठेवलं, वर दोन थेंब सोडले. दुपारी पंख्याला बोट लावायला मी घाबरत होते. धरलेलंच राहिलं तर... पण फिरला. अर्ध्यावर अडला आणि माझं बोट मागे ढकललं. मी पुन्हा फिरवला. पुन्हा ढकललं. किती वेळ ते करत बसले होते कुणास ठाऊक. उज्ज्वला ओट्यावरून बघत होती. आत जाऊन स्टीलची वाटी घेऊन आली आणि माझ्यासमोर धरली.

"आई, तेल द्या."

माझ्या तोंडून गेलंच, "गव्हाले का इंजनाले?"

तिने गव्हाकडे पाहिलं, मग पोत्यावरच्या इंजिनाकडे.

"दोन्हीले द्या," ती म्हणाली.