धाकटीचा हात

आमच्या धाकटीने, माझ्या पाठच्या बहिणीने, कटिंग मास्टर व्हायचं म्हटलं तेव्हा अख्ख्या कारखान्यात हशा पिकला होता. गणवेश शिवायचा आमचा कारखाना. बायकांनी शिवायचं आणि पुरुषांनी कापायचं, असा तिथला अलिखित कायदा. मी काजं-बटणांच्या टेबलावर, ती माझ्या शेजारी. कटिंग मास्तरांचं पालुपद ठरलेलं, "शिलाई चुकली तर उसवता येते. कापलेलं कापड काय ताग्याला परत चिकटवणार?" धाकटी म्हणाली, "मग मी चुकणारच नाही." मास्तर हसले. पण तिसऱ्या वर्षी कापडाच्या वीस थरांवर कात्री चालवायला तिला दिली ती त्यांनीच.

ती रोज सगळ्यांच्या आधी अर्धा तास का येते, हे मात्र मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. तिचा हात आखडायचा. कात्री मिटायची पटकन, पण पकड सुटायलाच तयार नाही. बोटं एकेक करून उघडायची. मग ही बाई चिंध्यांचा ढीग घेऊन कचाकचा कापत बसायची. पाच-दहा मिनिटांत हात मोकळा व्हायचा, आणि एकदा मोकळा झाला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघायला नको. सुट्टीतही डबा अर्धा टाकून ती चिंध्यांकडे वळायची. लोक म्हणायचे, हिला कापण्याचं वेड लागलंय. आम्ही म्हणू देत होतो.

मला त्यात नवल वाटत नव्हतं, कारण आईचं तसंच होतं. आईने कप पुढे केला की आपण ओढायचा आणि तिने धरून ठेवायचा. बाबा म्हणायचे, "देतेस की परत घेतेस?" घरभर हसू, त्यात आईही. पुढे तिला खुर्चीतून उठवेना, पापण्या अर्ध्यावर येऊन थांबायच्या. ती गेली तोवर आम्ही त्यालाही आळसच म्हणत होतो. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

धाकटीचं बोट पहिल्यांदा अडकलं तेव्हा मीच तिला डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला काही आजार?" माझं तोंड नेहमीच डोक्याच्या पुढे धावतं. म्हटलं, "छे हो! आमच्याकडे सगळे ठणठणीत." खोटं बोलले नव्हते मी. आजार म्हणजे ताप, खोकला, दमा. आईचा हात हा आईचा स्वभाव होता. डॉक्टर म्हणाले, कात्रीने ताण पडतोय. त्यांनी दिलेलं मलम आम्ही पाच वर्षं इमानेइतबारे चोळलं.

मग धाकटीचं लग्न झालं. नवरा इस्त्रीचं दुकान चालवणारा, मितभाषी, भला माणूस. तिला दिवस गेले आणि त्याच सुमारास मास्तरांनी सांगितलं, वर्षअखेरीस मी निघतो, माझ्या जागी ही. धाकटी नुसती तरंगत होती. "ताई, तू बाळ सांभाळशील ना सकाळचं? अर्धा तास आधी जावं लागतं मला." मी म्हटलं, "आधी होऊ दे तरी!" पण मनात माझी सुट्टीची जुळवाजुळव सुरू झाली होती.

चौथ्या महिन्यात दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्या. त्या म्हणाल्या, "मूठ घट्ट आवळा. आता सोडा." मूठ सुटेना. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आईचा हात असा व्हायचा का?" आजार म्हणाल्या नाहीत, हात म्हणाल्या. मग मी सगळं सांगितलं, कपासकट, बाबांच्या वाक्यासकट, मी नेहमी करते त्या आईच्या नकलेसकट. खोलीत कुणीही हसलं नाही.

रक्त तपासायला गेलं, नंतर बाळाभोवतीचं पाणी तपासायला गेलं. तारखा पुढे पुढे सरकत राहिल्या. शेवटी कागद आला तेव्हा पाचवा महिना संपत आला होता. आजार स्नायूंचा, आमच्या आईकडून धाकटीत आलेला, बाळातही उतरलेला. आईकडून आलेला असला की बाळात तो जास्त तीव्र असू शकतो, बाई म्हणाल्या. कदाचित श्वास घेता येणार नाही, दूध ओढता येणार नाही. कदाचित जगेलही. नक्की काही सांगता येत नाही. धाकटीचे हातही अजून दहाएक वर्षं चालतील, तेही कदाचितच. बाळंतपणात तिच्या जिवालाही धोका. गर्भ काढायचा असेल तर कायद्याने चार दिवस उरलेत. "निर्णय तुमचा." मला त्या शब्दांचा असा संताप आला! सगळी विद्या तुमच्याकडे, आणि निर्णय काजं करणाऱ्यांनी घ्यायचा? पण मी भांडणार कुणाच्या जोरावर? पाच वर्षांपूर्वी मी नीट बोलले असते तर बाळाच्या आधीच हे सगळं कळलं असतं, विचार करायला हाताशी वेळ असता. ते बाई म्हणाल्या नाहीत. मला कळत होतं.

मेहुणे एवढंच म्हणाले, "ती म्हणेल तसं." आणि दुकानात जाऊन एकाच शर्टावर तीनदा इस्त्री फिरवत राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी धाकटीकडे गेले. ती खिडकीपाशी बसली होती, पोटावर हात ठेवून. बाळ हलायला लागलं होतं. महिन्यांच्या मानाने फारच हळू हलत होतं, पण हलत होतं.

"ताई, तूच सांग."

"मी काय सांगू गं?"

"बरं, दुसरं विचारते. मी आईच्या पोटात होते तेव्हा असा कागद कुणी आईला दिला असता, आणि तिने तुला विचारलं असतं, तर तू काय सांगितलं असतंस?"

नऊ वर्षांची होते मी तेव्हा. बहीण हवी म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. इथे मला विचार करावाच लागला नाही.

"ठेव म्हटलं असतं."

"मग मला का म्हणत नाहीस?"

मी तोंड उघडलं. आईची खुर्ची आठवली, तिच्या अर्ध्या मिटल्या पापण्या आठवल्या, धाकटीनेही एक दिवस तशाच खुर्चीत बसायचं आहे हे आठवलं. तिला तिथे बसलेली बघून वर एक न रडणारं बाळही बघायची माझ्यात ताकद नव्हती. पण हे तिला सांगायचं कसं? तिचं जगणं मला हवं होतं, आणि तसंच जगणं तिच्या बाळाच्या वाट्याला यायला नको होतं. दोन्ही खरं होतं. तिने वाट पाहिली आणि मग खिडकीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दवाखान्यात गर्भ काढायच्या कागदावर सही केली. मुलगी होती, असं नर्सने न विचारता सांगितलं. आज धाकटी मास्तरांच्या टेबलापाशी उभी असते, चार पुरुष तिच्या हाताखाली आहेत. त्या दुपारी मी "ठेव" म्हटलं असतं तर तिने ठेवलं असतं का, हे मी तिला कधीच विचारलेलं नाही. ती "हो" म्हणेल, याची मला भीती वाटते.