गजाखालचा कागद

मन्मथअप्पा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी पिंगळीच्या शाळेत पाचवीचा तास घेत होते. सोनपेठला पोचले तोवर त्यांना बसवलं होतं, कपाळभर विभूती लावून. त्यांच्या लिंगायतांत बसवूनच माती देतात. दुकानाच्या गादीवर बसल्यासारखेच दिसत होते... फक्त ऐकत नव्हते.

अप्पांचं कापडाचं दुकान. जिल्ह्यातल्या आजच्या कवींचं एक पुस्तक काढायचं, हे वेड त्यांनी म्हातारपणी घेतलं आणि निवडीची रीतही जगावेगळी ठेवली. बाजारच्या दिवशी कवीनं दुकानात यायचं. कुणी चारठाण्याहून यायचं, कुणी शेतातून तसंच उठून. कवितेचा कागद हातातून घेऊन अप्पा तो कापड मोजायच्या गजाखाली दाबायचे अन् म्हणायचे, "आता म्हना. तुमालाच याद न्हाई, तर लोकायला कशी ऱ्हाईल?" अडखळलेली ओळ तिथंच गळायची; मग गज उचलून ज्यानं त्यानं आपला कागद परत घ्यायचा. माझ्या लांबलचक कवितेच्या सहाच ओळी उरल्या. मी चिडून तडक एसटी स्टँड गाठलं होतं. त्या सहा ओळी आजही पाठ आहेत. बाकीची कविता कशावर होती, तेही आठवत नाही.

स्वतःची कविता मात्र ते कधी म्हणत नसत. फार मागे लागलं, की "गिऱ्हाईक आलंय, थांबा," म्हणून उठायचे. गिऱ्हाईक नसलं तरीही.

पुस्तक छपाईला जायच्या आतच ते गेले. नंतरच्या बाजारी आम्ही सगळे दुकानात जमलो. अप्पांची कविता पुस्तकात हवीच, असं सगळ्यांचं म्हणणं. पण ते लिहीतच नसत, आणि पाठ कुणालाच नव्हती. इतके कवी बसलेले, अन् एकाच्याही तोंडी त्यांची ओळ नाही. मला भयंकर एकटं वाटलं... तेवढ्यात आतून काकू, अप्पांच्या पत्नी, आल्या. "दुकान झाडताना म्हनायचे," एवढं बोलून भिंतीकडं बघत त्यांनी म्हटलं,

साऱ्या गावाला मापून दिलं,
माझं आंग उघडंच ऱ्हायलं...

"आन् पुढं, काकू?" चारठाण्याच्या कवीनं विचारलं. काकूंनी त्याच दोन ओळी पुन्हा पुटपुटून पाहिल्या. "पुढचं गेलं बाबा त्यांच्यासंगं."

पुस्तक आता आलंय. शेवटच्या पानावर त्या दोनच ओळी आहेत. कुणी पुढच्या ओळी जोडून द्यायला निघालं होतं, मी भांडून थांबवलं. अप्पांनीही तेच केलं असतं. पहिली प्रत गादीवर ठेवायला गेले, तर गज तसाच आडवा पडलेला. सवयीनं उचलून पाहिला. खाली कागद नव्हता.