वाळीत टाकलेल्या घराचं आवतण

आमच्या आबांचा, म्हणजे वडिलांचा, दुष्ट माणसं असतात यावर फार विश्वास. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे शत्रू कुठल्या बाजूला असतो हे त्यांना पक्कं ठाऊक. "दुष्ट मानूस येगळाच असतोय. डोळ्यांत दिसतंय त्येच्या," असं ते म्हणायचे. मी साताऱ्यात कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. माझं म्हणणं उलटं: जगातली मोठी पापं बहुतेक साध्या माणसांनीच केलीत, चारचौघांनी ठरवलं म्हणून, फारसा विचार न करता. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी गेले की यावरून आमचा चहा गार व्हायचा.

मग धाकट्या भावाचं लग्न ठरलं. कुंकवाचा करंडा घेऊन मी आणि चुलती भावकीत घरोघर आवतण द्यायला निघालो. त्यातलं एक घर वाळीत टाकलेलं. तिथल्या मुलीनं दुसऱ्या जातीत लग्न केलं आणि आईनं तिला माहेरी येऊ दिलं, एवढाच गुन्हा. ती आई दारात शेंगा निवडत होती. आम्हाला पाहून पदर सावरत उठली. चुलतीनं माझं कोपर धरलं, "चल म्होरं." आणि मी गेले. मी! वर्गात याच विषयावर तासन् तास बडबडणारी.

घरी पोचेपर्यंत माझाच मला संताप आला होता.

"आबा, त्या घराला आवतण का नाही?"

"भावकीचा ठराव हाय."

"कुणी केला?"

"समद्यांनी. मी बी व्हतो की."

"मग तुमच्या डोळ्यांत कसं दिसत नाही?"

आबा ताडकन उठले. "बापाला दुष्ट म्हनतीस?"

"नाही. तुमच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही. माझं म्हणणं तेच तर आहे. आणि आज मीही त्यातलीच झाले."

"आगं, भावकी पंगतीला बसायची न्हाई," चुलती कळवळली.

"नका बसू म्हणावं!" मी करंडा उचलला. आबांनी हाक मारली, मी थांबले नाही.

ती बाई अजून दारातच होती. "मघाशी आवतण चुकून राहिलं नव्हतं," मी म्हणाले. "मुद्दाम पुढं गेले मी."

"ठाव हाय," ती म्हणाली. "बाकीच्यांचं काय न्हाई गं. तुझं लय लागलं."

मी कुंकू लावलं. तिनं हळूच विचारलं, "लेकीला बी हाय का आवतण?"

"जावयालाही आहे," मी म्हणाले, आणि शेजारच्या चार घरांत ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा एकदा म्हणाले.