चावी माझ्या कमरेला होती

साल दोन हजार तेवीस. मी बाहत्तर वर्षांचा. लालबागच्या एका टॉवरमध्ये, लिफ्टसमोरच्या पॅसेजात, प्रकाशने गादी टाकली. हातात दिली नाही. टाकली. धूळ उडाली आणि माझ्या बायकोला ठसका लागला. ती भिंतीला धरून उभी होती.

प्रकाश आमच्याच गावचा. पन्नाशीचा असेल. गावमंडळाचा सेक्रेटरी. गादी पायाने जरा सरळ करत तो म्हणाला,

"इथं हवा मस्त येते. डायरेक्ट समुद्राची."

त्याच्या मागे दार उघडं होतं. आत हॉल रिकामा. आतली खोली रिकामी. पंखा फिरत होता, खाली कोणी नव्हतं.

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. ह्याच लालबागमध्ये. ते पुढे सांगतो.

बायकोला गर्भपिशवीचा कॅन्सर. परळच्या हॉस्पिटलात रोज मशीनखाली किरणांचे शेक द्यायचे. शनिवार-रविवार सोडून रोज. सुरुवातीला आम्ही शीवला राहिलो, माझ्या मेव्हण्याच्या पोराकडे. त्याची खोली माळ्यावर. वर जायला लोखंडी शिडी. पहिले काही दिवस ती चढली. शेकाने माणूस आतून जळतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एक दिवस ती अर्ध्या शिडीवर बसली आणि वर पण जाईना, खाली पण येईना. मी खालून तिचे पाय धरले. पाय नव्हतेच, नुसती हाडं.

हॉस्पिटलातली सिस्टर मला ओरडली. म्हणाली, आजोबा, हिला जवळ कुठंतरी ठेवा, रोजचा एवढा प्रवास झेपायचा नाही, मधेच शेक सोडलात तर आतापर्यंतचं सगळं वाया.

मग मी जागा शोधत हिंडलो. आमच्यासारख्याने मुंबईत जागा शोधायची म्हणजे काय ते सांगतो. गिरगावात पेशंटसाठी धर्मशाळा आहे. समुद्र जवळ, लोक चांगले. नंबर लागेपर्यंत थांबा म्हणाले. माझ्या पुढे फाटकाबाहेर जे बसले होते ते किती दिवस बसलेत ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. दादरला लॉज बघितला. काउंटरवरच्या माणसाने आधी माझ्या चपलांकडे बघितलं, मग पेशंट कोण ते विचारलं. कॅन्सर म्हटल्यावर रूम नाही म्हणाला. मागे बोर्डावर किल्ल्या लटकत होत्या. हॉस्पिटलच्या फुटपाथवर प्लास्टिक बांधून लोक राहतात. तिथंही प्रत्येकाची जागा ठरलेली. एका बाईने सांगितलं, ह्या झाडापासून त्या खांबापर्यंत आमची माणसं आहेत.

उरलं लालबाग. तिथून हॉस्पिटल चालत. आणि तिथं आमच्या गावाची खोली होती.

गावाची खोली म्हणजे काय ते आताच्या पोरांना कळायचं नाही. कोकणातल्या गावागावाची गिरणगावात एकेक खोली असायची. गावचा माणूस मुंबईला आला की थेट तिथं. खोलीत भिंतीला खुंट्या. गावातल्या प्रत्येक घराची एक खुंटी. आलेल्या माणसाने आपल्या घराच्या खुंटीला थैली अडकवली की झालं. कोणी विचारायचं नाही, किती दिवस राहणार, कशाला आलास. खुंटी आहे म्हणजे माणूस घरचा.

आमच्या वाडीची खुंटी नव्हती.

आम्ही खालच्या वाडीतले. बौद्धवाडी. गावात अजून जुन्याच नावाने ओळखतात. माझा बाप गिरणीत लागला तेव्हा तो गावाच्या खोलीवरच आला. दुसरं ठिकाणच माहीत नव्हतं. त्याला सांगितलं, तू गॅलरीत झोप. बाप गॅलरीत झोपला. मी तिसरीतून शाळा सोडली आणि मिसरूड फुटल्यावर त्याच्या जागी आलो. मी पण गॅलरीत. पहिल्या दिवशी मी थैली घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा प्रकाशचा बाप म्हणाला होता,

"बाहेर झोप. हवा येते."

हेच ते वाक्य. पोराला बापाकडून घर मिळतं, जमीन मिळते. ह्याला हे मिळालं.

मग ब्याऐंशीचा गिरण्यांचा संप आला. महिने जायला लागले तशी माणसं गावी निघाली. खोली रिकामी झाली. पण खोली अशी सोडून जायची कशी? कुलूप बघून दुसरा कोणी घुसला तर? घरमालक तर टपूनच बसलेला. मी गेलो नव्हतो. गावी माझी जमीन नव्हती, जाऊन काय करणार. तेव्हा प्रकाशच्या बापाने मला बोलावलं. खोलीला कुलूप लावलं आणि चावी माझ्या ओंजळीत वरून टाकली. म्हणाला, तू इमानदार आहेस. खोलीवर लक्ष ठेव. आणि जिना उतरता उतरता मागे वळून म्हणाला, झोप मात्र बाहेरच.

दीड वर्ष. चावी माझ्या कमरेला आणि अंथरूण माझं दाराबाहेर. आत कोणी नाही. रिकामी खोली, बंद खिडकी, चूल, माठ, भिंतीवर खुंट्या. पाऊस तिरका यायचा आणि गॅलरीतलं माझं गोधडं भिजायचं. मी दाराला पाठ लावून बसायचो. चावी हाताला लागायची. पण मी दार उघडलं नाही. घरमालकाची माणसं दोनदा आली. एकदा त्यांनी मला जिन्यावरून ढकललं. माझा खांदा तेव्हापासून वर होत नाही. पण खोली गेली नाही.

गाव परत आलं तेव्हा मी चावी दिली. त्यांनी कुलूप काढलं, आत गेले, सगळं जागच्या जागी बघितलं. कोणीतरी म्हणालं, शाबास रे. मी गॅलरीत उभा होतो.

ती खोली टिकली म्हणून चाळ पडल्यावर बिल्डरने गावाला टॉवरमध्ये फ्लॅट दिला. गावात सभा झाली. देवळासमोर माइकवरून सांगितलं, गावच्या कोणाही माणसाला दवाखान्यासाठी मुंबईला जायचं असेल तर फ्लॅट मोकळा आहे. कोणाही माणसाला. आमच्या वाडीपर्यंत तो आवाज आला. मी अंगणात बसून ऐकला.

म्हणून मी प्रकाशला फोन केला. म्हटलं, गावचा आहे, जुन्या खोलीवर होतो, संपात खोली मी सांभाळली. त्याने पुढचं ऐकूनच घेतलं नाही. म्हणाला, "अहो काका, मग विचारता काय? या की. तुमचीच जागा."

काका म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा वरच्या वाडीतला माणूस मला काका म्हणाला. बायकोला मी फोनवरचं सगळं पुन्हा सांगितलं. ती आजारात पण हसली. म्हणाली, तुमची जागा म्हणे.

शेक घेऊन दुपारी आम्ही टॉवरवर पोचलो. प्रकाश दारात होता. थैली घ्यायला हात पुढे केला आणि सहज विचारलं,

"कुठल्या वाडीतले तुम्ही?"

"खालच्या."

हात थांबला. शिवी नाही, आरडाओरडा नाही. आता तसं करत नाहीत. तो नुसता मोबाइल काढून बघायला लागला. मग म्हणाला, आतल्या खोलीत ग्रामदेवतेचा नारळ बसवलाय. तुम्ही लोक देव मानत नाही ना, तुम्हालाच आत अवघड होईल. मी म्हटलं, आम्ही हॉलमध्ये पडू. तर म्हणाला, हॉलमधून देवाकडे जायची वाट आहे. बाथरूम वापरू का विचारलं. तर ते म्हणे देवाच्या भिंतीला लागून. खाली वॉचमनचा संडास आहे, तो वापरा. दरवेळी "समजून घ्या". दरवेळी "तुमच्याच सोयीसाठी".

आत भिंतीवर स्टीलचे हूक होते. ओळीने. प्रत्येकाखाली घराचं नाव लिहिलेली पट्टी. जुन्या खुंट्यांची आठवण म्हणून. माझी शाळा तिसरीपर्यंत, पण मी दारातून ती ओळ शेवटपर्यंत वाचली. आम्ही नव्हतो.

मी थैली उचलली. तर बायकोने माझा सदरा धरला. हळू म्हणाली, "अवो, तंडू नका. मला निजू द्या हितंच. माझ्यात चालायचं बळ नाय."

तिच्यासाठी मी थैली खाली ठेवली. ती गादीवर आडवी झाली. प्रकाशने पंखा बंद केला. दार ओढलं. कुलूप लावलं. सकाळी देवाला दिवा लावायला येतो म्हणाला आणि लिफ्टने गेला.

मी दाराला पाठ लावून बसलो. तेच लालबाग. आत तीच रिकामी खोली. तेव्हा निदान चावी माझ्याकडे होती.

शेकाने पोट सुटतं. सांगून येत नाही. दिवेलागणीला ती उठून बसली, माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं. मी लिफ्टचं बटण दाबलं. दाबतच राहिलो. लिफ्ट वरच्या वर थांबत होती. तिने दोन्ही हातांनी लुगडं घट्ट धरलं होतं. लिफ्ट आली. आत एक बाई तिच्या मुलीला घेऊन. ही लिफ्टच्या कोपऱ्याला तोंड करून उभी राहिली. दोन मजले गेले असतील. मग तिचे खांदे सैल झाले.

त्या बाईने मुलीच्या नाकावर रुमाल धरला. मुलगी विचारत होती, काय झालं, काय झालं. आई तिला म्हणाली, गप्प.

माझी बायको भाताचा भारा डोक्यावर घेऊन डोंगर उतरायची. चार बाळंतपणं झाली, कोणाला तिची मांडी दिसली नाही. ती त्या लिफ्टमध्ये भिंतीला कपाळ टेकून उभी होती आणि तिच्या पायावरून ओघळ जात होते.

पार्किंगच्या नळावर मी तिला धुतलं. गाड्यांच्या मधे. लुगडं पिळताना माझा खांदा वर होईना म्हणून मी दातात एक टोक धरलं. वॉचमन आला. बघितलं. "बाबा, गाडी पे पानी मत उडाना, साब लोग चिल्लाते हैं," म्हणाला आणि मग स्वतःच बादली आणून ठेवली, आणि पाठ करून उभा राहिला. लिफ्ट मीच पुसली.

मी तिला माझं धोतर नेसवलं. ती रडली नाही. आम्ही वर आलो, तर ती गादीवर बसेना. कुलुपाकडे बघत राहिली. दुपारी जी माझा सदरा धरून गप्प राहा म्हणत होती, तीच म्हणाली,

"आत निजवा, नायतर रस्त्यावर निजवा. दाराबाहेर नाय. तुमी निजलात तेवढं बास झालं."

मी तिला गॅलरीचं कधी सांगितलं नव्हतं. तिला कोणी सांगितलं, कधी, मी विचारलं नाही.

त्या रात्री ती गादी सोडून लिफ्टजवळच्या भिंतीला टेकून बसली आणि मला फुटपाथ दिसत होता. उठून गेलो असतो तर मान राहिला असता. पण फुटपाथवर ती जगली नसती आणि प्रकाशने सकाळी दार उघडून गादी झटकून ठेवली असती. कोणाला काही कळलं नसतं. मी आयुष्यभर हेच केलं. माझा मान मी बाहेर राहून सांभाळला. इमानदार. कोणाच्या खोलीशी इमान राखलं मी? आत एक माणूस नसताना मी पावसात भिजलो, आणि त्याला मी माझा ताठा समजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालबागच्या रस्त्यावर हार्डवेअरचं दुकान उघडलं तेव्हा मी शटरसमोर उभा होतो. हातोडा घेतला. काँक्रीटमध्ये जाणारे खिळे घेतले, पुडीभर. वर आलो. प्रकाश तेलाची वाटी घेऊन आला, कुलूप काढलं. त्याने दार लोटलं आणि त्याच्या आधी मी आत गेलो. बायकोला दंडाला धरून. हॉल ओलांडला. आतल्या खोलीत नारळासमोर गादी टाकली आणि तिला निजवलं. पंखा लावला.

प्रकाशचा आवाज चढला. काका गेलं, अरे-तुरे आलं. म्हणाला, "बाहेर हो. पोलीस बोलावीन."

मी म्हटलं, "बोलाव. हिला काल कुठं निजवलंस ते मला त्यांना सांगायचंच आहे. आणि लिफ्टमध्ये काय झालं ते हीच सांगेल."

आतून ती म्हणाली, "सांगते."

त्याने वाटी खाली ठेवली. फोन खिशातच राहिला.

मी हुकांच्या ओळीशी गेलो. शेवटच्या हुकाच्या पुढे भिंत मोकळी होती. डावा हात वर जाईना, म्हणून खिळा छातीच्या उंचीवर धरला आणि ठोकला. नव्या भिंतीचा चुना सांडला. खिळा वाकडा गेला पण बसला. त्याला हॉस्पिटलची थैली अडकवली.

प्रकाश म्हणाला, झालं ना, आता ठेव तो हातोडा.

आमच्या वाडीत जेवढी घरं, तेवढे खिळे मी आणले होते. मी दुसरा काढला.