फाटकावरून परत गेलेला डबा

आमच्या कबनूरला समुद्र नाही, यंत्रमागांचा खडखडाट आहे. त्या खडखडाटात बोलून बोलून माझा आवाज असा चढलेला, की कोकणातल्या बंदरावर नोकरीला लागलो तेव्हा लोकांना वाटायचं, हा सारखा भांडतोय. मग मी बोलणंच कमी केलं. मागाची शेड बंद पडली म्हणून तिथल्या फाटकावर सुरक्षारक्षक झालो होतो. खोलीवर एकटा, जेवायला एकटा. खोटं कशाला बोलू, फार एकटं वाटायचं.

फक्त गुरुवारी जिवात जीव यायचा. कबनूरला लागूनच असलेल्या इचलकरंजीहून कापडाचा कंटेनर घेऊन एक ड्रायव्हर यायचा. पहिल्या दिवशी अनोळखी म्हणून मला ‘पावणं’ म्हणाला, ते तसंच राहिलं. गावाकडं राहिलेल्या माझ्या बायकोनं दिलेला डबा खिडकीतून देत ओरडायचा, “काय पावणं, बरं हाईसा न्हवं?” डब्यात भाकरी आणि खर्डा. दहा मिनिटं आम्ही दोघं तोंड भरून बोलायचो. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

मग बंदराच्या सुरक्षेसाठी सरकारकडून मोठा निधी आला. नवे कॅमेरे आले, नवं कुंपण आलं, कार्ड लावल्याशिवाय न उघडणारं फाटक आलं, आणि आमचं प्रशिक्षण सुरू झालं. शिकवायला आलेले साहेब निवृत्त फौजी. “यंत्रं तयार झाली, आता माणसं तयार करायची,” म्हणाले. चाचणीत नापास होईल तो घरी. आता घरी जाऊन मी काय करू? शेडला कुलूप होतं.

चाचणी कधी, ते सांगत नसत. एका दुपारी एक माणूस खोकं घेऊन चालत आला. “राम राम पावणं!” माझे कानच टवकारले. “कुठलं म्हनायचं?” “कुरुंदवाडचा की!” झालं, आमच्याच भागातला! कार्ड विचारायचं सोडून मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, नदीला पाणी किती हाय ते विचारलं. आमच्याकडं दारात आलेल्याला पाणी द्यायच्या आधी चौकशी करणं म्हणजे त्याचा अपमान. तो उठून गेला आणि खोकं खुर्चीखाली राहिलं. उघडलं तर आत चिठ्ठी, ‘बॉम्ब’.

साहेब हसले नाहीत. “कॅमेऱ्यानं त्याला पकडला आणि तुम्ही त्याला पाणी पाजलंत,” सगळ्यांसमोर म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. च्यायला, गावचं नाव ऐकून विरघळलो! शेवटची एक संधी मिळाली.

पुढच्या गुरुवारी ड्रायव्हर आला आणि त्याचं नवं कार्ड घरी राहिलेलं. साहेब पलीकडं उभे होते. ही चाचणीच, असं माझ्या डोक्यात बसलं.

“कार्डाशिवाय आत जाता येणार नाही. गाडी मागे घ्या.”

“अवो, मी हाय की! खुळं झालासा व्हय?”

“गाडी मागे घ्या.”

“बरं, डबा तरी धरा.”

“बाहेरची वस्तू घेता येत नाही.”

मी असं पुस्तकी बोलतोय हे ऐकून त्यानं डबा आत ओढून घेतला. गाडी मागं घेतली. कार्ड मागवून घेईपर्यंत दोन दिवस तो उन्हात बाहेर पडून होता, आणि डबा तसाच कबनूरला परत गेला. बायकोचा फोन आला, “डबा परत आला. तुमी बरं हाईसा न्हवं?” “बरं हाय,” म्हणालो आणि फोन ठेवला.

ती चाचणी नव्हतीच. साहेब फोनवर बोलत होते, त्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं. खरी चाचणी नंतर झाली आणि मी पास झालो. नोकरी राहिली. ड्रायव्हर गुरुवारी येतच होता. खिडकीतून कार्ड पुढं करायचा आणि समोर बघत निघून जायचा.

यंदा दिवाळीला सुट्टी मिळाली तसा मी बायकोनं भरलेला फराळाचा डबा घेऊन इचलकरंजीला त्याच्या घरी गेलो. तो दारात आला, चौकटीला हात आडवा लावला.

“कार्ड दावा.”

चेष्टा करतोय म्हणून मी मोठ्यानं हसलो. तो हसला नाही. थोड्या वेळानं बाजूला झाला, आतून पाण्याचा तांब्या आणून माझ्या हातात दिला.

“बसा, साहेब,” म्हणाला.

मी पाणी प्यालो. पावणं काही तो म्हणाला नाही.