कवळी आणि येळवशीचा ऊस

माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. तिनं मला नात्यातल्या एका लग्नात, भर पंक्तीत बोळकी म्हटलं. कमलनगरला पंगत बसली होती. माझ्या ताटात कडक भाकरी पडली तशी अक्का लांबून ओरडली, "अगं, तिला भाकर कामून वाढायलीस? आंबील दे वाटीभर! बोळकी हाय ती!" सगळी पंगत हसली. आमचे हे पण हसले. चौथ्या बाळंतपणानंतर माझे दात एकेक करून हलले, उरलेले वैद्यानं उपटले. वय काय, तर तेहतीस. मी ताटावरून उठले नाही. भाकरी वरणात भिजवून गिळली आणि मनात म्हटलं, थांब बाई, तुझी जिरवल्याबिगर राहायची न्हाई मी.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. ह्यांना हसल्याची लाज वाटली असावी. गुलबर्ग्याला दातांच्या डॉक्टरकडं नेऊन त्यांनी मला कवळी बसवून दिली. बसली कसली! तोंडात पाट कोंबल्यागत वाटायचं, लाळ आवरायची नाही, हिरड्यांना फोड आले. त्यात मी ती रोज राखेनं घासायची. जन्मभर दात राखेनंच घासले, दुसरं काय सुचणार? महिन्यानं रडत गेले तर ओरखडे बघून डॉक्टरनं कपाळावर हात मारला. "अम्मा, ये लोटा है क्या, राख से मांजने को?" मग त्यानं नीट सांगितलं. साबणाच्या पाण्यानं धुवायची, रात्री वाटीत पाण्यात ठेवायची. घास बारका करून दोन्ही बाजूंनी चावायचा. पुढच्या दातांनी काही तोडायला गेलं की कवळी मागून उचकटून बाहेर येते.

मग मी गोठ्यात बसून चावायला शिकले. आधी भात, मग धपाटं, शेवटी कडक भाकरी. आणि मला एक खोडच लागली. माणूस समोर आला की माझी नजर आधी त्याच्या तोंडावर.

येळवशीच्या, म्हणजे शेतात पूजा करून जेवायच्या वेळ अमावास्येच्या, दोन दिवस आधी अक्का माहेरपणाला आली. मी बघितलं, ती एकाच बाजूनं चावत होती. सकाळी मिसरी लावताना वरच्या पुढच्या दाताला बोट लागू देत नव्हती. भाकरी तर चोरून आंबिलीत बुडवत होती. मी पोटात ठेवलं.

अमावास्येला सगळे शेतात गेलो. कडब्याच्या खोपीत पूजा झाली, भज्जीची, म्हणजे शेंगा-पाल्याच्या मिसळभाजीची, आणि आंबिलीची पंगत बसली. मी कडक भाकरी घेतली आणि कुडुमकुडुम खाल्ली. बायका बघतच राहिल्या. अक्काला ते सोसवेना. तिनं ढिगातला एक ऊस उचलून माझ्यापुढं धरला. "लई मिजास करायलीस गं! हे सोल बघू दातानं!"

ऊस दातात धरला असता तर कवळी सगळ्यांसमोर भज्जीत पडली असती, आणि मग जन्मभर मी बोळकीची बोळकीच. ह्यांच्याकडं बघितलं, तर ते खाली बघत होते.

मी ऊस गुडघ्यावर मोडला आणि अर्धा तिच्या हातात दिला. "थोरल्याच्या आदी मी कशी खाऊ, अक्का? तुमी सुरू करा. माझे काय, इकतचे हायत. तुमचे घरचे."

आता एवढ्या बायकांसमोर ती नाही कशी म्हणणार? तिनं त्याच पुढच्या दातानं ऊस धरला आणि ओढला. कडकन वाजलं. अक्कानं तळहातावर थुंकलं, तर रक्तात दात.

"अगं, अक्काला आंबील द्या वाटीभर!" मी मोठ्यानं म्हटलं. पंगत हसली. हे पण हसले. अक्कानं तोंडावर पदर धरला. कवळी यायच्या आधी चार वर्षं मी तसाच धरला होता. मला वाईट वाटलं का? देवाशपथ न्हाई. लई बरं वाटलं.

पुढच्या दोन वर्षांत तिचे बाकीचेही गेले. एक दिवस ती चुलीपाशी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "तुझा तो डॉक्टर कुटं बसतो गं?" मी पत्ता दिला. कवळी ठेवायला माझ्याकडची एक वाटी दिली. साबण लाव, राख नको, रात्री पाण्यात ठेव, सगळं सांगितलं.

दोन्ही बाजूंनी चावायचं, तेवढं सांगितलं नाही. मला ते महिनाभर फोड सोसल्यावर कळलं होतं. तिलाही तेव्हाच कळू दे.