रेषेपलीकडच्या चिप्स

पार्सिपनीच्या मराठी मंडळात शोभना देशकरला नाही म्हणताना कुणी कधी ऐकलेलं नाही. गणपतीला दोनशे माणसांची मटार उसळ असो की कुणाच्या पाहुण्यांना विमानतळावरून आणणं असो, काम हटकून तिच्याच गळ्यात. 'भीड ही भिकेची बहीण,' असं तिची आई नागपुरात उठता-बसता ऐकवायची. शोभनाने ते निमूट ऐकलं, कारण आईला उलट बोलायचीही तिला भीडच वाटायची.

असल्या बाईने पोकर खेळावं हाच मुळात विनोद. पण ती खेळायची, आणि डोकं लावून खेळायची. वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून इतरांच्या चुका शोधलेली ती. समोरचा बोली लावता लावता जी गोष्ट रचतो, त्यात काय जुळत नाही ते तिला चटकन दिसे. फक्त दिसूनही ती पानं टाकून डाव सोडून देई. कुणी मोठी बोली लावून रोखून बघायला लागलं, की हिला वाटायचं, जाऊ दे, कशाला उगाच वाद. अशाने तीन स्पर्धांत ती दहावी आली होती.

दहावं येण्यासारखं दुःख नाही हो. शेवटच्या टेबलावर नऊजण बसतात आणि प्रत्येकापुढे त्याच्या नावाची पाटी लागते. शोभनाला ती पाटी हवी होती. या वेळी अटलांटिक सिटीच्या कॅसिनोला निघतानाच तिने नवऱ्याला, अरुणला, सांगून टाकलं होतं की पुन्हा दहावी आले तर हा नाद बंद. अरुणने मान हलवली आणि दशम्यांचा डबा गाडीत ठेवला.

रविवारी दुपारी तीनशेपैकी दहाजण उरले. ते दहाही एकाच टेबलाभोवती कोंबले, कोपराला कोपर आणि गुडघ्याला गुडघा. शोभनाच्या उजवीकडे ब्रायन नावाचा उलटी टोपी घातलेला आडदांड माणूस होता. दहावं कुणालाच व्हायचं नसतं, सगळे जपून खेळतात, हे ओळखून तो दर डावाला बोली वाढवत होता आणि सगळ्यांना पळवून लावत होता. चिप्स, म्हणजे पैशांऐवजी बोलीला लावायच्या चकत्या, त्याच्याकडे शोभनाहून अगदी थोड्या कमी.

त्या डावात बाकीच्यांनी पानं टाकली. उरले ब्रायन आणि शोभना. ब्रायनने बोली वाढवली. शोभनाच्या हातात राणी आणि दश्शी होती; बरी पानं, तरी ती नेहमीप्रमाणे टाकायला निघालीच होती. उजव्या हातात सवयीने काही चिप्स खुळखुळत होत्या. अवघडलेला पाय तिने जरा हलवला आणि तो ब्रायनच्या पायाला लागला.

आपल्याकडच्या बाईचा पाय कुणाला लागला, की तिचा हात डोक्याला विचारत बसत नाही. तो ब्रायनच्या दंडाला लागला, तिथून तिच्या स्वतःच्या छातीशी गेला, आणि या नमस्कारात मुठीतल्या चिप्स निसटून टेबलावरच्या बोलीच्या रेषेपलीकडे घरंगळल्या. पंच आला. शोभनाने कानकोंडी होऊन सगळं समजावलं. तो हसला, पण नियम म्हणजे नियम: रेषेपलीकडे सुटलेल्या चिप्स परत येत नाहीत. पडल्या तेवढ्यात ब्रायनची बोली भरत होती. शोभना डावात अडकली.

टेबलावर दोघांनाही धरता येणारी तीन पानं उघडली: राणी, सत्ती, दुर्री. राणीची जोडी! ब्रायनने बोली लावली, तिने तेवढ्याच चिप्स भरल्या. चौथी आली पंजी. त्याने आणखी मोठी बोली लावली, तिने तीही भरली. पाचवा आला एक्का, आणि ब्रायनने उरलेला सगळा ढीग पुढे ढकलला.

हरली तर तिच्याकडे चिमूटभर चिप्स उरणार. पानं टाकली तरी फार काही उरत नव्हतं. प्रेक्षकांसाठीच्या दोरीपलीकडे अरुण डबा छातीशी धरून उभा होता.

शोभना ब्रायनची गोष्ट तपासू लागली. एवढी बोली लावून एक्का आहे म्हणतोय. पण एक्का तर आत्ता आला. आधी राणी समोर दिसत असताना दोनदा एवढ्या चिप्स कशाच्या जिवावर ओतल्या? आणि खरंच एक्का असता तर मी घाबरून पळू नये म्हणून थोडंच मागितलं असतं की. सत्तीची तिकडी असेल तर मात्र मेले.

तेवढ्यात ब्रायन मायेने म्हणाला, "मॅडम, तुम्ही चुकून आलात या डावात. टाका ना पानं."

ज्याला पाहुणा जेवायला थांबायला हवा असतो, तो त्याच्या चपला शोधून देत नाही.

"चुकून आले खरी," शोभना म्हणाली, "पण आता जात नाही. कॉल," आणि तिने त्याच्या बोलीएवढ्या चिप्स पुढे केल्या.

ब्रायनने पानं उलटली. राजा आणि गुलाम. टेबलावरच्या एकाशीही जुळत नव्हते. तो दहावा झाला होता. शोभनाला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"मी तर डोळेच क्लोज केले होते," पलीकडून अरुण ओरडला. "काय झालं?"

"पाटी लागणार," ती म्हणाली.

ब्रायन हात मिळवायला उठला. शोभना मूठभर चिप्स घेऊनच घाईघाईने उभी राहिली आणि तिचा पाय पुन्हा त्याच्या पायाला लागला. हात उठलाच होता, पण तिने तो आवरला. चिप्स आधी रेषेच्या अलीकडे नीट ठेवल्या आणि मग नमस्कार केला.